वीस बाय दहाचा सीए

चौकातल्या फ्लेक्सबद्दल नव्यानं सांगण्यासारखं काही नाही. पांढरा शर्ट, जोडलेले हात, मागं सिद्धेश्वराचं देऊळ आणि खाली 'चार्टर्ड अकाउंटंट, यशस्वी उद्योजक, आता जनसेवेच्या वाटेवर'. तो चेहरा अख्ख्या सोलापूर शहरानं पंधरा दिवस पाहिलाय. आमदारकीला उभं राहायचं अजून अधिकृत नाही, म्हणजे ते सगळ्यांना माहीत आहे.

सोमवारी संध्याकाळी अशोक चौकाच्या आतल्या अंगाला, गाड्यावर, आम्ही नेहमीचे पाच जण होतो. आभाळ भरून आलेलं, पाऊस मात्र नाही. डिस्को भजीची कढई तापत होती.

"चला, एक तरी हिशेब कळणारा माणूस येतोय राजकारणात," सीए म्हणाला.

आमचा सीए खरा सीए नाही. इंटर झाला, फायनलला पाच वेळा बसला, सहाव्यांदा बसायच्या आत लग्न झालं. आता जीएसटीची रिटर्न भरतो आणि महिन्याच्या वीस तारखेला कट्ट्यावर दिसत नाही. पण 'सीए' म्हटलं की अजूनही ताठ होतो. फ्लेक्सवरच्या माणसाबद्दल त्याला माया वाटणं साहजिकच होतं.

"मुळात हा मुद्दा तीन अंगांनी बघायला पाहिजे," मास्तर म्हणाले आणि बोट वर केलं. मास्तरांनी बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. त्यांचं तिसरं अंग आजपर्यंत कुणी पाहिलेलं नाही. "एक, माणूस सुशिक्षित. दोन, स्वतःचा कारखाना आहे. पोट भरलेलं आहे. खायची गरजच नाही."

अण्णानं बशीतला चहा संपवला. अण्णाचे पूर्व भागात आठ माग आहेत, टॉवेलचे. घरात तेलुगू, मागावर कन्नड जॉबरशी कन्नड, आणि आमच्याशी भांडायला मराठी.

"मास्तर, पोट भरलेला माणूस जेवत न्हाई, हे तुमी कुठल्या लग्नात बघितलाव?"

पिंट्या इतका हसला की त्याच्या हातातली भजी खाली पडली. पिंट्या फ्लेक्स बांधायचं काम करतो. हाही त्यानंच बांधलेला, त्यामुळं तो स्वतःला त्या उमेदवाराच्या टीममधला समजतो.

मास्तर दुखावले. दुखावले की ते राष्ट्रीय पातळीवर जातात. "माजी रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंचं काय मग? सीए होते. सारस्वत बँकेचे अध्यक्ष होते. बाळासाहेबांनी उचलून ९६ला राजापूरहून उभं केलं. नाथ पैंचा, मधू दंडवतेंचा मतदारसंघ तो! तिथनं चार वेळा निवडून आले. छ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, दोन हजार चार. एका पैशाचा आरोप नाही."

"चार वेळा माणूस आला का धनुष्यबाण आला?" अण्णा.

"दोन्ही आले."

"मग २००९ला माणूस तोच, बाण तोच. नीलेश राण्यांनी कसा पाडला?"

मास्तर म्हणाले मतदारसंघाची फेररचना झाली होती, राजापूर नाव जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला होता. हे खरंच आहे. पण ज्या सुरात म्हणाले त्यावरून त्यांच्या वर्गातली पोरं मागच्या बाकावर काय करत असतील ते कळलं.

आता मी इथं माझी बाजू सांगून टाकतो, नाहीतर लिहिताना लपवल्यासारखं होईल. मी चाळीस वर्षं सुताच्या पेढीवर खतावणी लिहिली. लाल कापडी बांधणीची वही, जमा डावीकडं, नावे उजवीकडं. त्यामुळं हिशेबाच्या माणसाला कुणी हसलं की मला आत कुठंतरी लागतं. आणि तरीही अण्णा बोलायला लागला की मी हसतो. परवाही हसलो.

"प्रभूंचं वीज खातं घ्या," सीए म्हणाला. "२००० ते २००२. आज आपण जो वीज कायदा म्हणतो, २००३चा, त्याचं बिल यांच्याच काळात लोकसभेत आलं. मंडळ एकच पाहिजे असं न्हाई, निर्मिती वेगळी, वहन वेगळं, वितरण वेगळं, प्रत्येकाचा ताळेबंद वेगळा. तोटा कुठं होतोय ते दिसलं पाहिजे. हे सीएच्याच डोक्यात येतंय बे."

"दिसला की तोटा," अण्णा म्हणाला. "२००५ला मंडळाचे तुकडे झाले. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. त्येच्या आधी मला अंधार एका ऑफिसातनं मिळायचा, नंतर तीन कंपन्यांनी मिळून दिला."

ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना यातली गंमत सांगावी लागणार नाही. भारनियमनाच्या काळात पूर्व भागात रात्री फिरलं की कळायचं. एरवी खटखटखटखट असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत असतो, कानाला तो ऐकूच येत नाही इतका सवयीचा. तो थांबला की लोक झोपेतून जागे व्हायचे. अण्णाचा बाप तर अंथरुणात उठून बसायचा आणि विचारायचा, काय झालं? काही झालेलं नसायचं. माग थांबलेले असायचे. बाया ओट्यावर येऊन कांड्या मांडीत घेऊन बसायच्या, लाइट आली की लगेच भरायला घेता यावं म्हणून.

"आणि एक सांगा," अण्णाला आता सूर सापडला होता. "तुमचा हिशेबनीस दिल्लीत वीजमंत्री हाय. इकडं गुहागरला एन्रॉनचा वीज प्रकल्प. महाराष्ट्र म्हणतोय तुमची वीज परवडत न्हाई, २००१च्या मे महिन्यात घ्यायची बंद केली. डिसेंबरात तिकडं अमेरिकेत एन्रॉनच बुडाली. कशानं बुडाली?"

"खोट्या हिशेबानं," सीए हळूच म्हणाला.

"आणि ते हिशेब तपासणारे कोण होते? कपडे शिवणारे?"

सीएनं आर्थर अँडरसन हे नाव घेतलं, पण चहाच्या कपात. त्याचं म्हणणं असं की एका फर्मनं शेण खाल्लं म्हणून सगळ्या धंद्याला नावं ठेवू नयेत, आणि एन्रॉनशी प्रभूंचा काय संबंध. संबंध काही नाही हे अण्णालाही माहीत होतं. पण कट्ट्यावर संबंध लागत नाही, टाळी लागते.

मग २००२चा ऑगस्ट निघाला. प्रभूंना मंत्रिपद का सोडायला लागलं याची आम्ही पाच जणांनी सहा कारणं सांगितली. त्यातलं एकही इथं लिहिण्यासारखं नाही. घडलं ते एवढंच की मातोश्रीवरून निरोप आला, यांनी राजीनामा दिला, आणि खातं अनंत गीत्यांकडं गेलं. वाजपेयींना माणूस सोडवत नव्हता हे मात्र दिसतं, कारण चारच महिन्यांत त्यांना नदीजोड प्रकल्पाच्या कार्यगटाचं अध्यक्ष केलं.

"म्हणजे मालक खूष, पण दुकान दुसऱ्याचं," मी म्हणालो. हे माझं अख्ख्या संध्याकाळचं एकमेव चांगलं वाक्य, आणि ते म्हणताना कढईत भजी सोडली गेल्यामुळं कुणाला ऐकू आलं नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो.

"पण हार मानली नाही!" मास्तर. "२०१४, नोव्हेंबरची ९ तारीख. सकाळी भाजपमध्ये प्रवेश, दुपारी कॅबिनेट मंत्री!"

"आणि त्याच दिवशी सेनेचे अनिल देसाई शपथेला म्हणून दिल्लीच्या विमानतळापर्यंत गेले आणि तिथनंच माघारी आले," पिंट्या म्हणाला. पिंट्याला असल्या गोष्टी पाठ असतात. दहावीचा इतिहास राहिला होता त्याचा. "आणि राज्यसभेवर कुठनं, तर हरियानातनं. पुढं आंध्रातनं."

"कोकणातला माणूस हरियानाचा खासदार," अण्णा म्हणाला. "ब्रँच ट्रान्स्फर."

रेल्वे निघाली की सोलापूरकर हळवा होतो. विभागाचं कार्यालय इथं, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येणारी अर्धी वस्ती, आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट कन्फर्म आहे म्हणणारा लग्नाला उभा असल्यासारखा चालतो. त्यामुळं प्रभूंचं रेल्वे खातं हा आमच्याकडं वादाचा नाही, घरचा विषय.

आणि इथं सीए पहिल्यांदा मनापासून बोलला. म्हणाला, "प्रभूंनी सगळ्यात मोठं काम कुठलं काढलं म्हायताय? ट्विटरवर वाचून गाडीत पोरांना दूध पोचवलं, ते न्हवं. हिशेबाची पद्धत बदलायला घेतली. सरकारी हिशेब म्हणजे पैसा आला, पैसा गेला. इंजिन घेतलं, खर्च टाकला, विषय संपला. पण ते इंजिन आज कितीचं हाय? रूळ किती झिजला? कुणाचं किती देणं चढलंय? ते कळायला प्रत्येक व्यवहार दोन बाजूंना लिहायची दुनोंदी लागती, पैसा हातात यायच्या आधीच येणं-देणं वहीत धरायची उपार्जित पद्धत लागती. एवढ्या मोठ्या खात्यात ते आणायचं म्हणजे..."

त्यानं हात पसरले आणि शब्द न मिळून भजी उचलली.

हे मला पटलं, आणि का पटलं ते सांगतो. आमच्या पेढीचे शेठ जुने. त्यांचा विश्वास गल्ल्यावर. दिवाळीला वहीपूजन झालं की गल्ला उघडायचे आणि म्हणायचे, "लक्ष्मी आहे." मी तेव्हा नवा होतो, एकदा धीर करून सगळ्या खात्यांच्या बाकीची तेरीज काढून समोर ठेवली. गल्ल्यात रोकड होती, पण ती येणाऱ्या मालाच्या उचलीची होती. उधारी तीन वर्षांची, त्यातल्या दोन गिरण्या बंद पडलेल्या. येणं बाकी म्हणून लिहिलेल्या रकमेतली निम्मी कधीच येणार नव्हती. शेठनी तेरीज बघितली, चष्मा काढला, आणि मला म्हणाले, "सणाच्या दिवशी असलं दाखवतात का?" वही मिटली. पेढी पुढं सहा वर्षं चालली. माझा पगार त्या दिवाळीला वाढला नाही.

तेव्हा हिशेब दाखवणाऱ्याची काय दशा होते हे मला फ्लेक्सवरून शिकायचं कारण नाही.

"बरं, ते हिशेब राहू दे," अण्णा म्हणाला. "२०१५च्या बजेटात सोलापूरला नवी गाडी कुठली दिली?"

"कुणालाच न्हाई दिली. एक पण नवी गाडी जाहीर केली न्हाई. म्हणाले आधी असलेले रूळ किती भार घेतात ते बघू, मग गाड्या. पाच वर्षांचा साडेआठ लाख कोटींचा आराखडा मांडला, एलआयसीकडनं दीड लाख कोटी उभे करायचं ठरवलं..."

"म्हणजे दिवाळीला घरात कुणालाच कपडे न्हाईत, पण बाप म्हणतोय घराचा पाया तपासालोय."

"पाया तपासायला नको?"

"पाहिजे की. पण तेवढ्यासाठी पोरं बापाला मत देत न्हाईत. बाप निवडून यायचा नसतो म्हणून तेला चालतंय. प्रभूला पण चाललं, राज्यसभेत होता. लोकसभेत असता तर कणकवलीच्या स्टेशनावर लोकांनी धरला असता, गाडी कुठं हाय म्हणून."

यावर सीएला उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, आणि खरं तर अजून सुचलेलं नाही.

पुढचा भाग कुणी थट्टेत घेतला नाही. २०१६च्या नोव्हेंबरात कानपूरजवळ पुखरायाँला इंदूर-पाटणा गाडी घसरली, दीडशेच्या आसपास माणसं गेली. पुढच्या ऑगस्टात खतौलीला गाडी घसरली, आणि चार दिवसांनी कैफियत एक्स्प्रेस. प्रभूंनी जबाबदारी घेऊन राजीनाम्याची तयारी दाखवली. मास्तर म्हणाले, आजकाल एवढंही कोण करतो. अण्णानं मान हलवली. त्याचा थोरला दौंडच्या गाडीनं जाऊन येऊन असतो. रूळ झिजलेत हे ज्या माणसाला आकड्यात दिसत होतं त्याच्याच काळात गाड्या घसरल्या, याचं काय करायचं ते आम्हाला कुणालाच नीट सांगता आलं नाही. चहा पुन्हा सांगितला.

"आणि त्यांच्या जागी पीयूष गोयल," पिंट्या म्हणाला. "ते पण सीए."

अण्णा कप खाली ठेवत म्हणाला, "ऑडिटर बदलला, फर्म तीच."

मग मास्तरांनी ती चूक केली जी ते दर वेळी करतात. आवाज चढवून म्हणाले, "तरीसुद्धा! अशिक्षित, अननुभवी माणसांपेक्षा हे शतपटीनं बरे. कोर्टात पट्टेवाला असलेला माणूस जर खातं सांभाळायला..."

सगळे थांबले. सोलापुरात बसून हे वाक्य पुरं करता येत नाही.

"बोला की," अण्णा अगदी गोडीनं म्हणाला. "आमच्या सुशीलकुमार शिंदेसाहेबांबद्दल बोलालाव न्हवं? याच सोलापूरच्या कोर्टात होते. मग फौजदार झाले. ७४ला करमाळ्यातनं आमदार. राज्याचे अर्थमंत्री म्हणून नऊ बजेट मांडले, मास्तर, नऊ. आणि तुमच्या सीएनं?"

मास्तर गप्प.

"तुमच्या सीएनं २०१६ला बजेट मांडलं, आणि रेल्वेचं बजेटच बंद करून टाकलं! १९२४ सालापासनं वेगळं मांडत होते इंग्रज, नेहरू, सगळे. ह्यो आला आणि दुकानाला कुलूप."

वेगळं रेल्वे बजेट बंद होणं चांगलं की वाईट, ते मुख्य बजेटात घालावं हे प्रभूंनीच कसं उचलून धरलं, हे सीए सांगत राहिला, पण पिंट्या आणि गाडेवाला एकमेकांना टाळ्या देत होते. न्याय म्हणून मी एवढं म्हणालो की वीज खातं साहेबांनीही सांभाळलं, २००६पासून साडेसहा वर्षं, आणि २०१२च्या जुलैत लागोपाठ दोन दिवस निम्म्या देशाची ग्रीड बसली त्याच दुसऱ्या दिवशी त्यांना बढती मिळून गृहखातं मिळालं. अण्णानं माझ्याकडं असं पाहिलं की मी सूत नासवलंय. "आहेरवाडी-फताटेवाडीचा एनटीपीसी कुणी आणला?" एवढंच म्हणाला. तेराशे वीस मेगावॉट. त्यावर बोलायची सोय नाही, धुरांडी शहरातून दिसतात.

"विमान खातं पण होतं प्रभूंकडं, २०१८मध्ये," पिंट्यानं काडी टाकली. "आपल्या विमानतळाचं..."

"ए!" दोघं-तिघं एकदम ओरडले. विमानतळ म्हटलं की चिमणी येते, आणि विमानांच्या आड येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा विषय आमच्या कट्ट्यावर २०२३च्या जूनपासून बंद आहे. ती पाडली त्या आठवड्यात सीए आणि मास्तर यांचं जे वाजलं, त्यानंतर तीन महिने दोघं कट्ट्याच्या दोन टोकांना बसायचे आणि चहा माझ्यामार्फत सांगायचे. आता गोव्याचं विमान डोक्यावरून जातं तेव्हा दोघंही वर बघत नाहीत.

विषय बदलायला म्हणून सीए फ्लेक्सकडं वळला. "ते सगळं सोडा. ह्या माणसाचं बोला. रिटर्न वेळेत, कामगारांचा पीएफ वेळेत. अशा माणसाला एकदा संधी द्यायला काय हरकत हाय?"

"हिशेब चोख असणारी माणसं समाजात कमी होत चालली आहेत," मास्तरांनी री ओढली. "मूल्य म्हणून याचा विचार..."

"तीनशे चाळीस," अण्णा म्हणाला.

मास्तरांचा चेहरा उतरला. कट्ट्यावरच्या नव्या वाचकांसाठी सांगतो. ९८ साली मंडळाच्या गणपतीचे खजिनदार मास्तर होते. विसर्जनानंतर हिशेबात तीनशे चाळीस रुपये कमी आले. मास्तर आजही सांगतात की ते लेझीमवाल्यांच्या नाश्त्याला गेले. लेझीम पथकात अण्णा होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणं त्या दिवशी त्यांना मुरमुऱ्याचा चिवडा मिळाला, तोही कागदावर.

"पावती होती!" मास्तर. "पावती ओली झाली विसर्जनात!"

"गणपतीबरोबर पावतीचं पण विसर्जन," सीए म्हणाला. आपल्या बाजूच्या माणसावर असा वार करायला नको होता, पण त्यालाही हसू आवरेना. "मास्तर, उपार्जित पद्धतीनं बघितलं तर आजपर्यंत व्याज धरून..."

"गप बस, नापास!"

हे मात्र लागलं असतं. पण त्याच वेळी टपोरे थेंब पडायला लागले आणि सगळे गाड्याच्या ताडपत्रीखाली शिरलो. चौघं, गाडेवाला आणि एक स्टोव्ह. मास्तरांची छत्री उघडेना, ती सीएनं उघडून दिली.

अण्णा एकटाच बाहेर उभा राहून खांबाकडं बघत होता. शेडच्या पत्र्याला मागच्या वळवात भोकं पडलीत, दोन मागांवर पाणी ठिबकतं, बीमवर डाग पडला की टॉवेल सेकंडमध्ये जातो. हे तो आठवडाभर सांगत होता, आमचं कुणाचं लक्ष नव्हतं.

"पिंट्या," त्यानं हाक मारली, "ह्यो कवा उतरतोय?"

"वाढदिवस झाला की. परवा."

"किती बाय कितीचा?"

"वीस बाय दहा. जाड कापड हाय, काका. स्टारवालं. खर्च केलाय त्यांनी."

"मला ठेव."

"पण तोंड वर करून टाका बरं का," पिंट्या म्हणाला. आपलं काम आहे, त्याला त्याचा अभिमान. "फोटो चांगला आलाय."

"तोंड खाली," अण्णा म्हणाला. "निदान माग चाललेले तरी दिसतील बिचाऱ्याला."

मास्तर सगळ्यात जास्त हसले. हसता हसता छत्री पुन्हा मिटली आणि गाडेवाल्यानं विचारलं, पैसे कोण देतंय. तेव्हा सगळे एकदम सीएकडं बघायला लागले.